पहिली मांगा घेताना

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. आधी संपलेली मालिका धर. 'डेथ नोट'ची मूळ कथा 12 खंडांत आटोपते. 'वन पीस' 1997 पासून चालूच आहे, खंड शंभरच्या पुढे गेलेत, एवढ्यात खिसा सुरुवातीलाच अडकवू नकोस. चव बघायला शुएइशा या जपानी प्रकाशकाचं मांगा प्लस ॲप आहे, सुरुवातीची काही प्रकरणं फुकट वाचता येतात. आवडली तर मात्र छापीलच घे. दोन पानांवर पसरलेलं चित्र मोबाइलवर मधोमध तुटतं, आणि चित्रकाराने नेमका तिथेच जीव ओतलेला असतो! उजवीकडून डावीकडे वाचणं पटकन अंगवळणी पडतं. लाइट नॉव्हेलचं, म्हणजे छोटेखानी जपानी कादंबरीचं, वेगळं. चित्रं मोजकी, बाकी सगळा मजकूर. ती किंडलवर खुशाल वाच, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. सुरुवातीची रंगीत पानं तेवढी साध्या किंडलवर करडी दिसतात, ती फोनवर उघडून बघ.