एकोपा, समता आणि स्वतःला स्वीकारणं यावर उभारी देणारं एखादं कंट्री गाणं सुचवाल का?

तुम्ही लिहिलंय की कंट्री संगीत म्हणजे ट्रक, बिअर, मोडलेली लग्नं आणि गोऱ्या माणसांचं गावाकडचं जग, एवढंच आजवर कानावर आलंय. यात सगळ्यांना एका पंगतीत बसवणारं आणि 'मी आहे तसा बरा आहे' म्हणायला बळ देणारं काही आहे का. आहे. एकच सुचवायचं तर मी गार्थ ब्रूक्सचं १९९२ सालचं 'वी शॅल बी फ्री' सुचवेन.

त्या वर्षी गार्थ ब्रूक्स म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगते, नाहीतर या गाण्याची किंमत कळणार नाही. ओक्लाहोमाचा हा गायक. त्याचा १९९१ चा अल्बम 'बिलबोर्ड' या संगीत मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत आला तोच थेट पहिल्या क्रमांकावर, आणि ही यादी फक्त कंट्रीची नव्हे, सगळ्या प्रकारच्या संगीताची. कंट्रीच्या कुठल्याही अल्बमला तोवर हे जमलं नव्हतं. पहिल्या सिंगलपासून (म्हणजे सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं) त्याचं प्रत्येक गाणं कंट्रीच्या पहिल्या दहात गेलेलं. अशा वेळी माणूस हात आखडता घेतो. जे चाललंय तेच चालू द्यावं, उगाच आपल्याच श्रोत्यांना कशाला दुखवा, असा विचार करतो. त्याने तसं केलं नाही, म्हणून मला हे गाणं इतकं जवळचं वाटतं.

२९ एप्रिल १९९२. लॉस एंजेलिसमध्ये त्या संध्याकाळी ॲकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकचा पुरस्कार सोहळा होता आणि ब्रूक्स त्यासाठी शहरात होता. त्याच दुपारी रॉडनी किंग खटल्याचा निकाल लागला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी रस्त्यावर बेदम मारलं होतं, त्याचं चित्रीकरण अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं होतं, आणि तरी ज्युरीने पोलिसांना मारहाणीच्या आरोपातून सोडून दिलं. रात्र पडेपर्यंत शहर पेटलं. त्या काही दिवसांत साठाहून जास्त माणसं गेली. एकीकडे रोषणाई, ट्रॉफ्या, टाळ्या आणि त्याच शहरात आगीचे लोळ. हे पाहून परतलेल्या ब्रूक्सने स्टेफनी डेव्हिस या गीतकार बाईंबरोबर हे गाणं लिहिलं. उन्हाळा सरता सरता ते सिंगल म्हणून बाहेर आलं आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या 'द चेस' अल्बमचं ते पहिलं गाणं ठरलं.

ऐकलंत की पहिल्या मिनिटातच कळेल, चाल चर्चमधली आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे गॉस्पेल गातात त्याचा बाज: पियानो, मागे कॉयर म्हणजे समूहाने गाणारे, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी. सुरुवात मात्र संथ. मी कुणी प्रेषित नाही, साधा माणूस आहे, डोळे मिटले की मला एक जग दिसतं, एवढं सांगून तो लयीत शिरतो. पुढे 'जेव्हा'ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग लागते. भाकरीच्या तुकड्यासाठी रडणारं शेवटचं मूल गप्प होईल तेव्हा. नुसत्या बोलण्यापायी कुणाचा जीव जाणार नाही तेव्हा. सगळ्यात गरीब माणसाच्या डोक्यावर छप्पर येईल तेव्हा. कातडीच्या रंगाकडे लक्ष सगळ्यात शेवटी जाईल तेव्हा. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी उत्तर एकच: तेव्हा आपण मोकळे होऊ. 'ते' मोकळे होतील असं नाही, 'आपण'. उपाशी पोराची भूक ही माझीही बेडी आहे, असं तो म्हणतो.

मी टेक्सासमध्ये राहते आणि इथल्या एका हौशी कॉयरमध्ये गाते. आम्ही हे गाणं बसवलं होतं, म्हणून त्याचा एक भाग मला आतून माहीत आहे. एका कडव्यात ओळ येते: ज्याच्यावर हवं त्याच्यावर प्रेम करायला आपण मोकळे असू तेव्हा. ही ओळ आली की आमच्यातले निम्मे लोक आवाज चढवायचे आणि निम्मे तो आत घ्यायचे. आमच्या दिग्दर्शिकेने पियानो थांबवला आणि सांगितलं, ही ओळ भाकरीच्या ओळीइतक्याच आवाजात गायची, ना जास्त ना कमी. मला तेव्हा गाण्याची बांधणी समजली. सगळ्यात खालच्या पट्टीत गाणारे एक वयस्कर गृहस्थ त्या ओळीला तोंड मिटून उभे राहायचे. त्यांना कुणी काही बोललं नाही, तेही कॉयर सोडून गेले नाहीत. लगेच पुढची ओळ आहे की सगळ्या वेगवेगळ्या मतांना पुरेल एवढं हे जग मोठं होईल तेव्हा. ती मात्र ते जीव ओतून म्हणत. मी त्यांच्या पुढच्याच रांगेत उभी असायची. एकाच कडव्यात त्यांना गप्प करणारी ओळ होती आणि त्यांना जागा देणारीही, आणि लिहिणाऱ्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकोप्याची गाणी पुष्कळ असतात. मतं न जुळणाऱ्या शेजाऱ्यालाही त्यात उभं राहता येईल अशी फार थोडी.

रेडिओला मात्र ती प्रेमाची ओळ खटकली. कंट्रीमध्ये तेव्हा रेडिओच सगळं ठरवायचा. कुठलं गाणं दिवसातून किती वेळा वाजणार हे स्टेशनवाल्यांच्या हातात, आणि त्यांची नजर श्रोते आणि जाहिरातदारांवर. काही स्टेशनांनी हे गाणं वाजवायला चक्क नकार दिला. ज्याची गाणी सर्रास पहिल्या क्रमांकावर जायची त्याचं हे गाणं बाराव्यावर अडकलं.

ती ओळ घरातून आली होती. ब्रूक्सची बहीण बेट्सी समलिंगी होती, आणि ती लांब कुठेतरी राहणारी बहीण नव्हे. ती त्याच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायची, त्याच्याच बाजूला स्टेजवर उभी असायची. २०१३ मध्ये ती वारली. म्हणजे हजारो लोक ज्या बँडवर टाळ्या पिटत होते त्या बँडमध्ये ती होतीच. भावाने फक्त ते गाण्यात म्हटलं. पुढे १९९३ मध्ये समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'ग्लाड' संस्थेने या गाण्याला पुरस्कार दिला. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या त्या काळच्या एका बड्या गायकाला तो मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, किस्सा सांगायलाच हवा. ३१ जानेवारी १९९३, कॅलिफोर्नियात पॅसाडेनाचं रोझ बोल स्टेडियम. राष्ट्रगीत ब्रूक्स गाणार होता, आणि त्याची अट होती की सामन्याआधी याच गाण्याचा व्हिडिओ टीव्हीवर दाखवायचा. व्हिडिओत दंगलीची, वंशद्वेषाची बोचणारी दृश्यं होती. ऐन वेळी वाहिनीने हात वर केले, तसा ब्रूक्स स्टेडियम सोडून निघाला. सामना तोंडावर आलेला आणि राष्ट्रगीत गाणारा गायब! प्रेक्षकांत बसलेल्या जॉन बॉन जोवीला ऐन वेळी उभं करायचा विचारही झाला. शेवटी वाहिनी नमली, व्हिडिओ दाखवला गेला, ब्रूक्स परत आला आणि गायला. त्याच्या शेजारी मार्ली मॅटलिन ही कर्णबधिर अभिनेत्री उभी राहून तेच राष्ट्रगीत खुणांच्या भाषेत म्हणत होती. या हट्टाला लोक प्रसिद्धीची हौस म्हणतात. मला तसं वाटत नाही. रेडिओने दार लावून घेतल्यावर तेच गाणं अख्ख्या देशासमोर न्यायचं असेल तर सुपर बोलहून मोठा मंच अमेरिकेत नाही.

या गाण्यावरचा एक आक्षेप मला पटत नाही, तो असा की यात फार गोष्टी कोंबल्या आहेत: भूक, वर्ण, धर्म, प्रेम, वर स्वच्छ समुद्रसुद्धा. पण याच गोष्टी वेगवेगळ्या गाण्यांत विभागल्या असत्या तर प्रत्येकाने आपल्या सोयीचं गाणं उचललं असतं. इथे भुकेल्या मुलासाठी गहिवरणारा माणूस त्याच श्वासात आपल्या समलिंगी भाचीसाठीही गातो. निवडायची सोयच ठेवलेली नाही.

आणि 'गोऱ्यांचं संगीत' याबद्दल थोडं. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत आणलेल्या वाद्यपरंपरेतून आलं आहे. चार्ली प्राइड हा मिसिसिपीतल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला कृष्णवर्णीय गायक. १९६० च्या दशकात त्याची सुरुवातीची गाणी रेडिओ स्टेशनांना पाठवताना कंपनीने त्याचा फोटोच पाठवला नाही. लोकांना आधी आवाज आवडला, चेहरा नंतर कळला. १९७१ मध्ये तोच कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' झाला. म्हणजे ही माणसं पहिल्यापासून घरातलीच आहेत, फक्त त्यांचा फोटो लावला जात नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, स्वतःला स्वीकारणं. हा धागा ब्रूक्सच्या गाण्यात आहे पण पातळ आहे. ते गाणं मुख्यतः समाजाकडे बघतं. त्यासाठी मी तुम्हाला पॅट्रिक हॅगर्टीकडे पाठवेन. वॉशिंग्टन राज्यातल्या एका गोठेवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. हायस्कूलमध्ये असताना तो एका कार्यक्रमासाठी चेहऱ्याला चमकी वगैरे लावून नटला होता. वडील शाळेत आले ते शेणाने माखलेल्या बुटांत आणि कामाच्या कपड्यांत, आणि हा त्यांना पाहून आडोशाला लपला. परतताना वडिलांनी ते काढलंच. ओरडले नाहीत. मुलगा कसा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते म्हणाले, मोठा झाल्यावर कुणाबरोबरही हिंड, पण चोरून वागू नकोस. चोरून वागलास तर त्याचा अर्थ तू स्वतःच मानतोस की तू काही वाईट करतोयस, आणि जन्मभर असं मानत राहिलास तर तुझ्या आत्म्याची माती होईल. एका कमी बोलणाऱ्या शेतकऱ्याने हे आपल्या पोराला सांगितलं, अशा काळात जेव्हा शिकली-सवरलेली माणसं अशा मुलांना डॉक्टरकडे नेत होती. त्या मुलाने १९७३ मध्ये सिएटलमध्ये 'लॅव्हेंडर कंट्री' नावाचा अल्बम काढला. उघडपणे समलिंगी आयुष्यावर गाणारा कंट्रीचा हा पहिला अल्बम मानतात. प्रती काढल्या होत्या जेमतेम १०००. पुढची चाळीस वर्षं तो जवळजवळ विस्मरणात गेला, २०१४ मध्ये पुन्हा प्रकाशित झाला, आणि म्हातारपणी हॅगर्टी गिटार घेऊन गावोगाव तीच गाणी गात फिरला. २०२२ मध्ये तो गेला. त्याची गाणी रागीट आहेत, सगळ्यांना रुचतील असं नाही. सुरुवात त्यांच्यापासून करू नका, पण तिथवर जा जरूर.

सुरुवात हवी असेल तर केसी मसग्रेव्ह्जचं २०१३ चं 'फॉलो युअर ॲरो' सोपं आणि खेळकर आहे. ती गोल्डन नावाच्या टेक्सासमधल्या चिमुकल्या गावची, आणि तिच्यासोबत हे लिहिणारे ब्रँडी क्लार्क आणि शेन मॅकॅनली दोघंही उघडपणे समलिंगी. काहीही केलंस तरी लोक नावं ठेवणारच, मग आपला बाण जिकडे वळेल तिकडे जा, एवढाच आशय. यालाही रेडिओने फारसं जवळ केलं नाही, तरी २०१४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने याला 'साँग ऑफ द इयर' दिलं. आणि मन अगदीच खचलेलं असेल तर ब्रदर्स ऑस्बॉर्न या दोन भावांचं २०२१ चं 'यंगर मी' लावा. गाणारा टीजे त्याच वर्षी आपण समलिंगी असल्याचं जाहीर बोलला होता. मोठा झालेला माणूस लहानपणच्या घाबरलेल्या स्वतःशी बोलतोय, असं ते गाणं आहे. २०२२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

मूळ गाणं स्पॉटिफायवर शोधत बसू नका. ब्रूक्सने आपलं संगीत तिथे दिलेलं नाही. ॲमेझॉन म्युझिकवर मिळेल. त्याहूनही आधी त्याचं १८ जानेवारी २००९ चं सादरीकरण शोधून बघा, ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधीचं. वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाच्या ज्या पायऱ्यांवरून मार्टिन ल्यूथर किंग १९६३ मध्ये बोलले, तिथेच तो कॉयर घेऊन हे गायला, थंडीत कुडकुडणाऱ्या अफाट गर्दीसमोर. इतर दोन गाण्यांबरोबर सलग गायला आहे, त्यामुळे 'वी शॅल बी फ्री' शेवटी येतं. धीर धरून तिथवर थांबा.