अँबेसेडरचा थर्मोस्टॅट एल्बो स्टडवरून निघत नसेल तर

तुम्ही विचारलंय ते असं: गाडी १९७२ ची मार्क टू अँबेसेडर. थर्मोस्टॅटवरच्या (इंजिनच्या पाण्याचं तापमान राखणाऱ्या झडपेवरच्या) एल्बोचे, म्हणजे वरचा होज जोडतात त्या वाकड्या तोंडाचे, तिन्ही नट निघालेत, आठवडाभर तेल सोडताय, तरी एल्बो जागचा हललेला नाही आणि मेकॅनिक म्हणतात छिन्नी घालून उचकटू. सगळ्यात आधी हे सांगतो: छिन्नी घालू देऊ नका. जाड स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा नको. एल्बो बदलता येतो, पण त्याच्याखालचा हेडचा (इंजिनच्या वरच्या ठोकळ्याचा) फेस, म्हणजे सपाट पृष्ठभाग, खरवडला की ते दुखणं वर्षानुवर्षं पुरतं.

हे मी भोगलंय. पहिल्यांदा हे काम केलं ते काकांच्या गाडीवर. एल्बो आणि हेडच्या मधे स्क्रू-ड्रायव्हर ठोकला. एल्बो निघाला, पण हेडवर नखाएवढी खोच पडली. मग दुहेरी गास्केट (सांध्यातलं पातळ पॅकिंग), वर सील करायचं कंपाउंड, सगळं करून झालं, तरी इंजिन तापलं की तिथूनच थेंब थेंब पाणी. शेवटी हेड उतरवून तो फेस मशीनवर घ्यावा लागला. अर्ध्या तासाची घाई आणि पंधरा दिवस गाडी उभी.

आता अडकलंय कुठे ते नीट बघा. नट सुटले म्हणजे आटे सुटले. तुमचं काम आट्यांत अडलेलंच नाही. स्टड (हेडमध्ये रोवलेला बिनडोक्याचा बोल्ट, ज्यावर नट बसतो) पोलादी, एल्बो ॲल्युमिनियमचा, आणि मधल्या बारीक फटीत वर्षानुवर्षं पाणी झिरपलेलं. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आले की बॅटरीच्या सेलसारखं काम सुरू होतं आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून स्टडभोवती सिमेंट भरल्यासारखी ठासून बसते. रेडिएटरमध्ये कायम नळाचं नाहीतर बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत हे हमखास होतं. गंजावरचं तेल या भुकटीला विरघळवत नाही, त्याला फक्त आत शिरायला वाट हवी असते. ती वाट करून द्यायची उष्णतेने आणि हादऱ्याने.

पाणी काढा, वरचा होज काढा. रेडिएटरसमोर जाड पुठ्ठा उभा करा. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर जवळच आहेत, तेव्हा नळी काढून तोंड बंद करा, गळकं पेट्रोल पुसून वास जाईपर्यंत थांबा. हॉट-एअर गन असेल तर उत्तम, नाहीतर छोटा गॅस टॉर्च. ज्योत एल्बोवर फिरवत ठेवा, स्टडवर नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं. हिशेब केला तर शंभर अंशांनी तापवून फरक पडतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. पण भुकटीची पकड मोडायला तेवढा पुरतो. ज्योत एका जागी धरू नका. ॲल्युमिनियम लोखंडासारखं आधी लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांच्या आतच सरळ वितळतं. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून नाचला पाहिजे, तेवढं तापलं की थांबा.

आता ज्योत बाजूला करून साधी मेणबत्ती स्टडच्या बुडाशी टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं आणि ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या खेपेला बाहेरच साचेल. गार होऊ द्या, परत तापवा, परत मेण. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते आत गायब व्हायला लागलं की समजा वाट झाली. प्रत्येक खेपेनंतर स्टडच्या टोकावर नट चढवून टोकाबरोबर आणा आणि पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) सरळ वरून हलके, भराभर ठोके द्या. मग एल्बोच्या अंगावर लाकडाचा ठोकळा धरून चारी बाजूंनी. जोर लावू नका, ठोके जास्त द्या. हा कार्यक्रम दोन दिवस चालला तरी चालू द्या.

एल्बो फिरवून काढायचा प्रयत्न करू नका, तीन स्टड असल्यामुळे तो फक्त सरळ वर येतो. स्टड मात्र फिरतो. दोन नट एकावर एक घट्ट करा आणि खालच्या नटाला अर्धा इंची रिंग पाना लावा. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं पुढेमागे. पाना स्प्रिंगसारखा वाटायला लागला की हात काढा, कारण तो स्टड पिळवटतोय आणि आता तुटणार. एक जरी स्टड असा निघाला तरी काम निम्मं झालं.

एवढ्यानेही नाही जमलं तर माझा आवडता उपाय. स्टड ५/१६ इंची, आपल्याकडच्या बोलीत अडीच सुती, म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर. त्याच्यावर सैल बसेल अशी पातळ पोलादी नळी घ्या, टोकाला कानशीने दात पाडा आणि ड्रिलमध्ये धरून स्टडवरून खाली उतरवा. नळी स्टडभोवतीची भुकटी आणि थोडं ॲल्युमिनियम कापत जाते, स्टड शाबूत राहतो. वेग कमी ठेवा, तेल सोडत रहा, हेडचा फेस लागायच्या दोन मिलिमीटर आधी थांबा. नळी मिळाली नाही तर एल्बोच्या कडेपासून स्टडच्या भोकापर्यंत हॅकसॉने उभी चीर पाडा आणि त्या चिरेत छिन्नी फिरवून भोक उघडा. छिन्नीची जागा ही. एल्बो गेला तर जाऊ द्या. तो जुन्या बाजारात शोधला तर सापडतो. हे इंजिन इंग्लंडच्या बी-सिरीजचं, १४८९ सीसीचं, एमजीए आणि मॉरिस ऑक्सफर्ड या गाड्यांतही तेच होतं, त्यामुळे बाहेरूनही मागवता येतो.

स्टड मधेच तुटला आणि फेसच्या वर थोडा जरी शिल्लक असला, तर बॅटरी सोडवून चांगल्या वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घ्या. उष्णतेने आट्यांची पकडही सुटते. फेसच्या खाली तुटला तर इझी-आउटच्या (तुटका बोल्ट बाहेर ओढायच्या उलट्या आट्यांच्या हत्याराच्या) नादी लागू नका. तो कडक असतो, आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही. बरोबर मध्यावर पंच मारून आधी बारीक आणि शेवटी साडेसहा मिलिमीटरचं ड्रिल मारा, उरलेला आटा टोकदार सळईने ओढून काढा. हेडच्या बाजूला आटा जाड आहे, इंचाला १८, नटाच्या बाजूला बारीक, २४. टॅप (आटे पाडायचं हत्यार) घेताना हे विसरू नका. ड्रिल मारायच्या आधी थर्मोस्टॅटच्या मोठ्या भोकात फडकं कोंबा, लोखंडाचा कीस पाण्याच्या वाटेत जायला नको.

बसवताना एल्बोची भोकं साडेआठच्या ड्रिलने साफ करा आणि स्टडला अँटी-सीझ (पुन्हा अडकू न देणारं) कंपाउंड चोळा. स्टेनलेसचे स्टड घालू नका, ॲल्युमिनियम त्यांच्याबरोबरही खाल्लंच जातं. थर्मोस्टॅट आत नसेल तर ८२ अंशांचा बसवा. आपल्याकडे हवा गरम म्हणून तो काढून फेकायची पद्धत आहे, पण थंड इंजिन तेल नीट तापू देत नाही आणि सिलिंडरचे बोअर झिजतात. पाणी मात्र डिस्टिल्ड आणि त्यात एक तृतीयांश तरी कूलंट. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून गार झाल्यावर तिन्ही नट पुन्हा तपासा, नवं गास्केट दबतं आणि ते पाव फेरा तरी घेतात.