भात सोडायलाच हवा का?

प्रश्न : माझे वय ५२ असून मी मालवण तालुक्यातील एका गावात राहते. नुकत्याच केलेल्या तपासणीत माझे एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी) ६.१ टक्के आले. डॉक्टरांनी औषध न देता आहार सांभाळायला सांगितले. मुंबईच्या सुनेने ओट्स आणि किनोआ पाठवले, तर वाडीतील मैत्रिणीने भात कायमचा सोडण्याचा सल्ला दिला. मी भात सोडून पाहिला, पण संध्याकाळी इतकी भूक लागते की हाती येईल ते फरसाण खाल्ले जाते. शिवाय घरच्यांसाठी एक आणि माझ्यासाठी दुसरे असे रांधणे झेपत नाही. मला काय मानवेल, हे कसे ओळखावे?

उत्तर : ताई, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असणे ही मधुमेहपूर्व अवस्था होय. आहार, वजन आणि रोजचे चालणे यांकडे आत्ताच लक्ष दिल्यास मधुमेह टळू शकतो किंवा निदान लांबणीवर पडू शकतो.

तुमच्या संध्याकाळच्या भुकेत मनाचा दुबळेपणा नाही. दुपारच्या ताटातून भात गेला, पण त्या जागी पोटाला आधार देणारे काही आले नाही, एवढेच तिचे कारण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार निम्मे ताट भाज्या आणि फळांचे असावे, आणि धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी. आपल्याकडे मात्र भाताचा डोंगर, त्यावर कढी किंवा कालवण आणि तोंडी लावण्यापुरती भाजी असे ताट वाढले जाते. मला दोष भातात दिसत नाही, त्याच्या प्रमाणात दिसतो.

म्हणून भात ठेवा, पण एकदाच आणि मोजून वाढून घ्या, आणि शक्यतो उकड्या तांदळाचा करा. तांदूळ उकडताना कोंड्यातील ब जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्यात उतरतो. भाताआधी भाजी आणि मासा किंवा उसळ खाल्ल्यास जेवणानंतरची साखर सावकाश वाढते. कुळीथ तर आपल्या घरचाच आहे, आणि त्याच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण पिठी पातळ असल्याने तिच्यातून कुळीथ थोडाच पोटात जातो, तेव्हा मोड आणून उसळही करत जा. सकाळची पेज नुसती न घेता तिच्यासोबत अशी वाटीभर उसळ घ्या. रात्री नाचणीची भाकरी चालेल. गूळ घालून केलेले नाचणी सत्त्व मात्र तिच्या जागी धरू नका.

बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे ओमेगा-३ मेदाम्लांच्या बाबतीत महागड्या पापलेटाला मुळीच हार जात नाहीत. ते रव्यात घोळवून तळण्यापेक्षा त्यांचे तिखले करा. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना खारा बांगडा रोज ताटात आला, तर दिवसाला ५ ग्रॅम मिठाची मर्यादा सहज ओलांडली जाते. त्या दिवसांत टाकळा, कुर्डू, अळू यांसारख्या भाज्या भरपूर मिळतात, त्यांनी ताटाचा मोठा भाग भरावा. ओल्या खोबऱ्याचा जवळपास तिसरा हिस्सा मेद असतो आणि तोही बहुतांश संपृक्त, म्हणून वाटण आणि सोलकढी दोन्ही एकाच जेवणात नसावीत.

सुनेने प्रेमाने पाठवलेले साधे ओट्स वाईट नाहीत, अधूनमधून जरूर खा. पण त्यांच्यावाचून तुमचे काही अडणार नाही. वर सांगितलेले सारे घरातल्या सर्वांना चालण्यासारखे असल्याने दोनदा रांधावे लागणार नाही.

मानवते की नाही, हे पहिल्या काही दिवसांतच तुमची संध्याकाळची भूक सांगेल. एचबीएवनसी मात्र तीन महिन्यांनीच पुन्हा तपासा, कारण तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्याआधी आकड्यात पूर्ण फरक दिसत नाही. सोबत कमरेचा घेर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा मानली जाते. ज्या वाचकांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी भात कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस तपासून घ्यावा, अन्यथा साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.