खाडी एक, आकडे दोन

प्रश्न : सर, मी ऐरोलीला राहते, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर प्रकल्प करतेय. आमच्या मॅडमना विकिपीडिया चालत नाही. चांगला लेख दिसला की पैसे मागतात, आणि फुकट मिळतं त्यावर विश्वास बसत नाही. साधं क्षेत्रफळ घ्या, कुठे १,६९० हेक्टर, कुठे ६,५२१. खरं कुठलं?

उत्तर : अगं, दोन्ही खरे! १,६९० हेक्टर हे २०१५ साली जाहीर झालेल्या फ्लेमिंगो अभयारण्याचं क्षेत्र. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तेव्हा अभयारण्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही धरला गेला, म्हणून ६,५२१. बातम्या लिहिणारे हाताला लागेल तो आकडा उचलतात आणि 'खाडीचं क्षेत्रफळ' म्हणून ठोकून देतात.

हा गुंता सोडवायला दमडी लागत नाही. रामसरच्या संकेतस्थळावर प्रत्येक पाणथळ जागेचं माहितीपत्रक आहे, अभयारण्याची अधिसूचना राजपत्रात आहे. संकेतस्थळ चांगलं की वाईट, हे मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो तेव्हाही मुलांना फारसं विचारत नसे. हा आकडा यांना कुणी दिला, एवढं विचारायचो. उत्तर मिळेपर्यंत मागे मागे जायचं. विकिपीडियाचंही तेच. मॅडमचं बरोबर आहे, त्याचा संदर्भ देऊ नकोस. पण तळटीपा वाचायला कुणाची बंदी?

फुकट नियतकालिकांबाबत मात्र डोळे उघडे ठेव. काही ठिकाणी वाचक पैसे देत नाही, लेखक देतो. त्यात वावगं काही नाही. पण पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारेही आहेत, आणि 'इम्पॅक्ट फॅक्टर' (नियतकालिकातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला, त्याचा आकडा) सगळ्यात ठळक अक्षरांत तेच मिरवतात. नियतकालिक डीओएजे या, पारखून घेतलेल्या फुकट नियतकालिकांच्या यादीत आहे का बघ. मग संपादक मंडळातली दोन-तीन नावं घे आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जा. कधी कधी त्या प्राध्यापकांना आपण संपादक आहोत याचा पत्ताच नसतो! कोइम्बतूरहून निघणारं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' फुकट आहे आणि चोख आहे. बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं नियतकालिक १८८६ पासूनचं. त्याचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात मिळतात. (एकदा उघडलेस की संध्याकाळ गेली म्हणून समज.) शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध आहेत, दर्जा कमी-जास्त. प्रबंध शेवटाकडून उघड, आधी संदर्भसूची वाच.

ईबर्डचा, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या संकेतस्थळाचा मोह तुला होणारच. नोंदी कुणीही करू शकतो, वेगळी वाटणारी नोंद जाणकार तपासतात, त्यामुळे पक्षी ओळखण्यात फार घोळ नसतो. घोळ मोजणीत आहे. ऐरोलीच्या बोटीतून रविवारी कॅमेरेवाले जास्त जातात, म्हणून रविवारच्या नोंदी जास्त. त्यावरून आलेख काढलास तर वाढलेली माणसं दिसतील, पक्षी नव्हे. किती निरीक्षक, किती वेळ, भरती की ओहोटी, हे सोबत नसेल तर दोन वर्षांची तुलना करू नकोस. तुझ्या प्रकल्पाचा खरा कस इथेच लागणार आहे.

एआयला संदर्भ विचारत असशील तर प्रत्येक शीर्षक शोधून बघ. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख जन्मालाच आलेला नाही, असं सर्रास होतं.

राहिले पैसे मागणारे लेख. शीर्षक गूगल स्कॉलरवर टाक आणि खालच्या 'सर्व आवृत्त्या' उघड. लेखकाने स्वतःच्या संस्थेच्या पानावर प्रत ठेवलेली असते पुष्कळदा. तिथेही नसेल तर लेखकालाच ईमेल कर. चार ओळींत, कॉलेजचं नाव घालून. लेख विकून आलेले पैसे सहसा त्याच्या खिशात जातच नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्याला प्रत पाठवायला तो बहुधा खळखळ करत नाही.