फोटो खोटे असतात हे माहीत असूनही स्वतःचं शरीर नकोसं का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पंधरा वर्षांच्या मुलीला तुम्ही समोर बसवून दाखवलंत की जाहिरातींतले आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो कसे बदललेले असतात. तिला ते पटलं. तरीही ती आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते आणि जेवताना अर्धं ताट बाजूला सारते. मग समजावण्यात कुठे चुकलं?

तुमचं काही चुकलेलं नाही. पण या दुखण्यावर समजावणं फारसं लागू पडत नाही, आणि हे मी स्वतःवरून सांगते. मी सहा वर्षं कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो रिटच करत होते. तुम्ही मुलीला जे दाखवलंत, ते मी रोज माझ्या हातांनी करायचे.

माझ्याकडे फोटो येण्याआधीच अर्धं काम झालेलं असे. शूटिंगच्या वेळी कपडा पाठीमागून क्लिपा लावून ओढलेला असतो, त्यामुळे समोरून तो त्या मुलीच्या अंगावरच बेतल्यासारखा दिसतो. एखादी क्लिप कडेला डोकावत असेल तर ती मी पुसायची. मग काखेजवळची वळी, मानेवरची आडवी रेघ, कोपराचा काळपटपणा, बसल्यावर पोटाला पडणारी घडी. शेवटी कंबर दोन्ही बाजूंनी जराशी आत. ‘हिला बारीक कर’ असं मला सहा वर्षांत कुणीही सांगितलं नाही. सांगायचे ते ‘जरा साफ करून दे’. हा शब्द माझ्या इतका अंगवळणी पडला की काखेची वळी हा माणसाच्या अंगाचा भाग आहे, डाग नव्हे, हे मी विसरून गेले.

दिवसाला तीस-चाळीस फोटो हातावेगळे करून घरी आले की आरशात माझी नजर नेमकी त्याच जागांवर जायची. दंड कुठून किती आत घ्यावा लागेल, हे मला दिसायचं. ते चित्र खोटं आहे हे माझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? तरी दोन वर्षं मी बिनबाह्यांचा कपडा अंगाला लावला नाही.

याची कारणं मी नंतर शोधली. लिओन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की स्वतःला जोखायला पक्कं माप हाताशी नसलं की माणूस दुसऱ्या माणसांशी स्वतःला ताडून पाहतो, आणि त्यातही आपल्यासारख्या वाटणाऱ्या माणसांशी. ही तुलना आपण ठरवून करत नाही. ती होऊन जाते, आणि ‘अगं, हा फोटो तर बदललेला आहे’ हा विचार तिच्या मागून येतो. त्यात डोळ्यालाही सवय लागते. प्रयोगात लोकांना काही मिनिटं फक्त अरुंद केलेली शरीरं दाखवली, तर त्यानंतर त्यांना नेहमीचं शरीर रुंद वाटू लागतं. डोळ्याचं ‘नेहमीचं’ म्हणजे त्याच्यापुढून जे सर्वांत जास्त वेळा गेलं ते. त्यात खरं किती आणि खोटं किती, हा हिशेब तो ठेवत नाही.

म्हणूनच ‘हा फोटो बदललेला आहे’ अशी सूचना छापण्याच्या कायद्यांकडून फार आशा ठेवू नये, असं माझं मत झालं आहे. इस्रायलने २०१२ मध्ये असा कायदा केला, फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत शरीराचा आकार बदलला असेल तर तसं लिहावं लागतं, नॉर्वेत जुलै २०२२ पासून इन्फ्लुएन्सरांनाही हा नियम आहे. अशा सूचना वाचून बायकांना स्वतःबद्दल कमी वाईट वाटतं का, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा तपासलं. बहुतेक वेळा फरक पडला नाही. शरीराचा कोणता भाग बदलला हे लिहिलं, तर बघणारीची नजर उलट त्याच भागावर जास्त गेली, असंही आढळलं. तुमच्या मुलीचं हेच झालं असणार.

इस्रायल आणि फ्रान्सच्या कायद्यांचा दुसरा भाग मात्र मला मोलाचा वाटतो: मॉडेलची तब्येत, उंचीच्या मानाने तिचं वजन बघावं लागतं. तो कॅमेऱ्यासमोरच्या मुलीचा विचार करतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस ही बावीस वर्षांची मॉडेल रॅम्पवर चालून आल्यावर काही वेळातच हृदय बंद पडून गेली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची अना कॅरोलिना रेस्टन गेली, ती एकवीस वर्षांची होती. मधल्या सप्टेंबरमध्ये माद्रिदच्या फॅशन शोने १८ पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) असलेल्या मॉडेल घ्यायचं बंद केलं. ज्या शरीराकडे बघून आपण झुरतो, ते शरीर स्वतः उपाशी असू शकतं, हे मी माझ्या कामातही पाहिलं आहे. त्या मुली मला फक्त पडद्यावर भेटायच्या, पण वर आलेल्या हाडांखालची सावली मीच पुसलेली असायची.

माध्यमांमुळे खरंच एवढं होतं का, असं तुमच्या घरातलं कुणी विचारत असेल तर त्यांना फिजीबद्दल सांगा. या बेटांवर भरल्या अंगाला मान होता, कुणी बारीक दिसू लागलं तर काळजी केली जायची. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही आल्यावर काही आठवड्यांतच शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन उतरवण्यासाठी उलटी काढणारी एकही मुलगी सापडली नाही. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झालं होतं. दोन्ही वेळा मुली साठ-पासष्टच होत्या आणि त्या तीन वर्षांत तिथलं इतरही काही बदललं असणार, त्यामुळे सगळा दोष एका पेटीवर टाकता येत नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुलाखतींत त्या मुली फक्त सुंदर दिसण्याबद्दल बोलत नव्हत्या. टीव्हीवरच्या बायकांसारखं झालो तर नोकरी मिळेल, आयुष्यात पुढे जाता येईल, असं त्या सांगत होत्या.

म्हणून फोटोंबद्दल बोलणं जरा बाजूला ठेवा आणि मुलीला विचारा, ‘तू बारीक झालीस तर तुझं काय बदलेल असं तुला वाटतं?’ विचारून गप्प बसा. मैत्रिणी गटात घेतील, कुणी नावं ठेवणार नाही, असं काहीतरी बाहेर येईल. ती अडचण खरी असते आणि तिच्यावर बोलता येतं. पोटावर बोलून मात्र काही हाती लागत नाही.

इन्स्टाग्रामबद्दल थोडं. २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितलं होतं. आमच्या कॅटलॉगमधली मुलगी निदान परकी होती. मोबाइलवर मात्र वर्गमैत्रीण असते, तिनेही फिल्टर लावलेला असतो, आणि फेस्टिंजरच्या म्हणण्याप्रमाणे आपण ताडून पाहतो ते आपल्यासारख्यांशीच. शिवाय मुलगी स्वतःच्या सेल्फीवरून स्वतःला नावं ठेवत असेल, तर तिला कॅमेऱ्याच्या अंतराबद्दल सांगा. साधारण एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. हातभर अंतरावरचा फोटो खरा चेहरा दाखवतच नाही.

कपड्यांचा भाग लोक विसरतात, पण माझ्या मते रोजचा मार तिथेच बसतो. मराठीत आपण म्हणतो, ‘ड्रेस मला बसत नाही.’ या वाक्यात चूक ड्रेसची आहे. ट्रायल रूमचं दार लावलं की मनात ते वाक्य उलटं होतं: मी या ड्रेसात बसत नाही. आता तयार कपडा कसा होतो ते बघा. एकाच मापाच्या देहावर तो बेततात आणि तोच पॅटर्न ठरावीक अंतराने वाढवत-घटवत बाकीची मापं काढतात, त्याला ग्रेडिंग म्हणतात. माणसाचं अंग असं सगळीकडून सारखं वाढत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये जवळपास १५,००० बायकांची प्रत्येकी ५० हून अधिक मापं घेतली, तेव्हाच दिसलं होतं की एका आकड्यावरून बाकी शरीर सांगता येत नाही. त्या आकड्यांवरून १९५८ मध्ये मापांचं एक मानक ठरवलं, तेही ऐच्छिक, आणि १९८३ मध्ये ते काढून टाकलं. तेव्हापासून लेबलवरचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लिहिते. जीन्स मांडीला घट्ट आणि कंबरेला सैल होत असेल तर ती दुसऱ्याच कुणाच्या मापाची आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुलीच्या कपाटात टोचणारे, ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेले कपडे असतील तर तिच्या संमतीने ते काढून टाका. तिच्या आजच्या अंगाला होईल असं काहीतरी आणा, किंवा मापावर शिवून घ्या. मी स्वतः यापासून सुरुवात केली होती.

मोबाइल हिसकावून घेऊ नका, त्याने ती लपून बघेल. पण बघण्याचं प्रमाण कमी केल्याने फरक पडतो. कॅनडातल्या एका प्रयोगात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, १७ ते २५ वयाच्या आणि मनावर ताण असलेल्या मुलामुलींनी सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला. तीनच आठवड्यांत स्वतःचं रूप आणि वजन यांबद्दलचं त्यांचं मत सुधारलं. उरलेल्या तासात काय दिसतं तेही बदलता येतं: पोहणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या, वेगवेगळ्या वयाच्या आणि अंगाच्या बायका. डोळ्याला त्यांचीही सवय लागतेच.

आणि घरात अंगावरून बोलणं बंद. तिच्या अंगावरून तर नाहीच, पण ‘मी किती सुटलेय बघ’ हे तुमचं स्वतःबद्दलचं वाक्यही नको. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुकही नको, कारण त्यातून बारीक असलं तरच छान, हा हिशेब ती शिकते. मुलगा असेल तर त्यालाही हेच लागू आहे. १९९९ मध्ये हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या खेळण्यांतल्या सैनिकांची मापं घेतली, तेव्हा दर पिढीला त्यांचे दंड आणि छाती फुगत गेलेली दिसली. मुलगे उपाशी राहण्याऐवजी जिममध्ये झिजतात, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही.

शेवटी त्या अर्ध्या ताटाबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने कमी खाल्लं. त्यांचं वजन जवळपास पाव भागाने उतरलं, आणि चिडचिड, उदासपणा, रात्रंदिवस खाण्याचेच विचार सुरू झाले. मुलगी तुसडी झाली असेल, ताटाशी खेळत बसत असेल, तर तो तिचा हट्ट समजू नका, भूक असं करते. पाळी चुकली, चक्कर येऊ लागली, सारखी थंडी वाजू लागली, जेवून उठल्यावर ती लगेच बाथरूमला जाऊ लागली किंवा व्यायाम चुकला की रडू लागली, तर डॉक्टरांकडे जायला ती हाडकुळी दिसण्याची वाट बघू नका. खाण्याचे आजार कोणत्याही वजनाला होतात. पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा, आणि वजन करताना तिला काट्याकडे पाठ करून उभं राहू द्या, आकडा फक्त डॉक्टरांनी लिहून घ्यावा. तशी पद्धत आहे, तुम्ही डॉक्टरांना तसं आधी सांगून बघा.