तुमचे प्रश्न: माथेरानच्या मिनी ट्रेनने एका दिवसात जाऊन यायचंय

प्रश्न: ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. सासूबाई-सासरे सत्तरीच्या पुढचे आणि मुलगा सहा वर्षांचा. सगळ्यांना मिनी ट्रेनने माथेरानला न्यायचंय पण राहायचं नाहीये, रात्री घरी परत. मिस्टर म्हणतात एका दिवसात दगदग होईल, त्यापेक्षा गाडीने दस्तुरीपर्यंत, म्हणजे वर जिथपर्यंत गाड्या जाऊ देतात तिथपर्यंत, जाऊ. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: एका दिवसात होतं, आरामात होतं, फक्त एक ठरवून टाका की हा दिवस ट्रेनचा आहे, पॉइंट बघायचा नाही. लोक काय करतात, अडीच-पावणेतीन तास ट्रेनमध्ये बसून वर जातात आणि मग उरलेल्या चार तासांत पॅनोरमा, इको, लुईसा, शार्लोट लेक सगळं उरकायला धावतात आणि घरी येऊन म्हणतात की पाय गेले. आजी-आजोबा सोबत असताना हे अजिबात करू नका.

ठाण्याहून पहाटेची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा, साधारण सव्वा तासात नेरळ. सकाळी त्या दिशेला गर्दी नसते, सगळ्यांना खिडकी मिळते. नेरळहून पहिली मिनी ट्रेन नऊच्या आसपास आणि दुसरी साडेदहाच्या सुमारास सुटते, पण वेळा बदलत राहतात म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. डबे मोजकेच असतात आणि शनिवार-रविवारी तिकिटाची रांग लवकर लागते, त्यामुळे उतरल्या उतरल्या एकाने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी वडापाव-चहा. जमलं तर मधल्या वारी जा, सासऱ्यांना रांगेचा त्रास नको.

आता महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. मिनी ट्रेनमध्ये टॉयलेट नाहीये. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आजी-आजोबांना नेरळ स्टेशनलाच जाऊन येऊ द्या आणि सकाळचा चहा थोडा बेताने. मुलाला गाडी लागत असेल तर पोटभर खायला घालून बसवू नका, वळणं खूप आहेत. आणि पांढरे कपडे कोणालाच नको, वरच्या लाल मातीचा डाग लागला की निघता निघत नाही.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणजे येताना. जाताना ट्रेनने जा, येताना ट्रेनच्या तिकिटाच्या भरवशावर राहू नका. माथेरान स्टेशनवरून अमन लॉज स्टेशनपर्यंत मिनी ट्रेनचीच शटल असते, पंधरा-वीस मिनिटांत खाली सोडते, तिथून दस्तुरी नाका अगदी जवळ आणि दस्तुरीहून नेरळपर्यंत शेअर टॅक्सी. गाड्यांना दस्तुरीच्या पुढे बंदीच आहे. समजा तुम्ही स्वतःची गाडी नेली तरी तिथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर राहतातच, मग पुन्हा शटल नाहीतर घोडा नाहीतर चालणं. ई-रिक्षा सुरू झाल्यात पण गर्दीच्या दिवशी त्यांचीही वाट बघावी लागते. मग पहिल्यापासून ट्रेननेच का नको? ट्रेन थेट बाजारपेठेत उतरवते, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी याच्यापेक्षा सोयीचं काही नाही.

वर गेल्यावर आधी जेवा. मग खंडाळा पॉइंट, तो बाजारपेठेपासून जवळ आहे. त्यानंतर पेमास्टर पार्कमध्ये बाकावर बसा आणि मुलाला पळू द्या. तेवढं बास. हातात चिप्सचं पाकीट घेऊन फिरू नका, माकडं लहान मुलांच्या हातातूनच ओढतात आणि मूल घाबरलं की पुढचा दिवस रडण्यात जातो. चार-साडेचारची शटल धरली तर सात-साडेसातला ठाण्यात.

प्रश्न: मी नेरूळला राहते. माझ्या मुलाला रेल्वेचं भारी वेड आहे, तो विचारतो ही गाडी एवढी हळू का जाते? मलाही नीट सांगता आलं नाही.
– एक आई, नवी मुंबई

उत्तर: किती छान प्रश्न! त्याला सांगा, नेरळ पायथ्याला आहे आणि माथेरान समुद्रसपाटीपासून जवळपास ८०० मीटरवर. एवढी उंची चढायला रूळ सरळ टाकले तर कुठलंही इंजिन नुसत्या चाकांच्या पकडीवर चढणार नाही, चाकं जागीच घसरतील. म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत घालत नेलेत, साधारण २० किलोमीटर. तरी कुठे कुठे २० फूट पुढे गेलं की एक फूट वर असा चढ आहेच, आणि रेल्वेसाठी तो फारच उभा. रूळही अरुंद, दोन फुटांचे, कारण लहान गाडी घट्ट वळणं घेऊ शकते. अशा चढावर आणि अशा वळणांवर वेग वाढवून चालत नाही.

जाताना त्याला खिडकीशी बसवा आणि मोठ्या वळणावर पुढे बघायला सांगा, आपलंच इंजिन बाजूने जाताना दिसतं, पोरं अक्षरशः ओरडतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही मधली स्टेशनं त्याला आधीच पाठ करायला द्या. आणि मधला छोटासा बोगदा, वन किस टनेल, डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो, तो चुकवू नका.

थोडा इतिहासही सांगा. ही लाइन सरकारने बांधलेली नाही. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, साधारण १६ लाख रुपये, आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ ते १९०७ मध्ये ती बांधून घेतली. मला याचं फार कौतुक वाटतं, कारण आज गाडीत बसून आपण ज्या वळणांना वाव म्हणतो ती वळणं कोणीतरी तेव्हा या डोंगरात पायी हिंडून ठरवली असणार. आणि ठाणेकरांसाठी अजून एक, १८५० मध्ये माथेरान शोधलं म्हणून ज्याचं नाव घेतात तो ह्यू मॅलेट ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर होता. अर्थात तिथे ठाकर, धनगर आधीपासून होतेच, हेही मुलाला सांगाच.

तुमचा रूट सोपा आहे. ट्रान्सहार्बरने नेरूळ-ठाणे, तिथून कर्जत लोकल. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक आधी बघा, सकाळी निघताना सहसा अडचण येत नाही, परतताना अडकायला होतं. शिवाय रविवारी संध्याकाळी कर्जतकडून येणारी लोकल ट्रेकवाल्यांनी भरलेली असते, मुलाचा हात सोडू नका.

प्रश्न: जुलैमध्ये ऑफिस ग्रुपने जायचा प्लॅन आहे, पावसात मिनी ट्रेन मिळेल ना?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: नेरळपासून नाही मिळणार. जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घाटातली गाडी बंद ठेवतात, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते. आणि ते योग्यच आहे. २००५ च्या पावसाने ही लाइन अशी उखडली की गाडी २००७ मध्ये सुरू झाली, २०१९ ला पुन्हा रूळ वाहून गेले आणि मग थेट ऑक्टोबर २०२२. त्यामुळे ग्रुपला घाट ट्रेननेच चढायचा असेल तर नोव्हेंबर ठेवा. जुलैमध्येच जायचं असेल तर नेरळहून टॅक्सीने दस्तुरी, पुढे शटल, आणि चालायला पकड असलेले बूट, कारण पावसात ती लाल माती साबणासारखी होते. कड्यांच्या टोकाला फोटोसाठी कोणालाही जाऊ देऊ नका, धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही.