निरीक्षणगृहात पहिल्यांदा जाताना

निरीक्षणगृह म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या पोरांना चौकशी चालू असेपर्यंत ठेवतात ती जागा. तिथं पहिल्या दिवशी कुणाही पोराला ‘काय केलंस?’ असं विचारू नकोस. पोलीस, अशा पोरांची प्रकरणं ऐकणारं बाल न्याय मंडळ, घरच्या परिस्थितीचा अहवाल देणारा परिवीक्षा अधिकारी, सगळ्यांनी तेच विचारून झालेलं असतं. कॅरमला बस. एक पोरगा माझ्याशी तीन आठवडे बोललाच नाही, नुसती पावडर टाकून द्यायचा. चौथ्या आठवड्यात राणी घेतली आणि हळूच म्हणाला, “दादा, आईला फोन लावाल?” मी पटकन हो म्हणून बसलो. चुकलंच माझं. असलं काहीही आधी अधीक्षकांना विचारायचं.

नाव, गाव, फोटो कुठंही टाकायचा नाही, स्टेटसलासुद्धा नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 24 मात्र पोरांना नीट समजावून सांग. ‘आता नोकरी विसरा’ असंच त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. सोळा वर्षांवरच्या ज्यांना घोर गुन्ह्यात बाल न्यायालयानं मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी ठरवलं, त्यांचा अपवाद सोडला, तर दोषी ठरल्याचा डाग पुढं आड येऊ नये, अशी त्यात सोय आहे.

आणि शनिवारी येतो म्हणालास, तर शनिवारीच जा. खरी कसोटी सुटल्यावर. नाक्यावर जुनी टोळी उभीच असते, शाळेचा दाखला मात्र कुणाकडंच नसतो. आधी तो काढायला लाग.